तळमजल्यावरचा दिवा

तक्रार आली ती आवाजाची.
बी-विंगच्या पाइपात पहाटे कुणीतरी घोरतं,
असं दुसऱ्या मजल्यावरच्या मुळीकबाईंनी लिहून दिलं.
सेक्रेटरी म्हणाले, तळमजल्याचा चोरघे
नळाच्या पाण्यावर वीज बनवतोय म्हणे,
आडनावातच आहे त्याच्या.
सगळे हसले. मीही हसलो.
नोटीस टाइप झाली, आणि खजिनदार म्हणून
ती माझ्या खिशात आली.

घणसोलीतली आमची सोसायटी, सिडकोची,
चार मजले, लिफ्ट नाही.
मोरब्याचं पाणी खालच्या टाकीत येतं,
पंप ते गच्चीवर चढवतो,
आणि गच्चीवरून ते घराघरात उतरतं,
सगळ्यात जोरात तळमजल्यावर.
ओल, उंदीर, पार्किंगचा धूर,
या सगळ्याच्या बदल्यात त्यांना एवढंच सुख.

जायच्या आधी मुलीकडून हिशेब करून घेतला.
अकरावीत आहे, वहीच्या मागच्या पानावर मांडला:
पाचशे लिटर रोजचं, बारा मीटर उंची,
सोळा वॅट-तास, तेही काही वाया गेलं नाही तर.
"बाबा, एक मोबाइल चार्ज होईल. जेमतेम."
आणि ते पाणी वर चढवायला
त्याहून जास्त वीज आपणच जाळलेली,
कॉमन मीटरवर, माझ्या सहीच्या चेकनं.
म्हणजे रुपया वर पाठवायचा
आणि खाली उभं राहून चार आणे झेलायचे.
हे मी चोरघेला नीट समजावणार होतो.

लुंगीवर होता, बोटाला टेफ्लॉन टेप गुंडाळलेली.
सिंकखाली वाकून दाखवलं:
तुर्भ्याच्या भंगारातला वॉशिंग मशीनचा पंप.
जन्मभर त्यानं पाणी बाहेर फेकलं,
आता पाणी त्याला फिरवतं.
"घोरतो खरा. बेअरिंग बदलतो रविवारी."
मी वहीचं पान काढलं. सोळा वॅट-तास, म्हटलं.
"सोळा कुठले, साहेब?
पाच मिळाले तरी पुष्कळ."

मग माझी नजर वायरींच्या मागे गेली.
सिंकखालून, ओट्याच्या कडेनं, चौकटीवर चढून
बाहेरच्या खोलीत,
कुंदावहिनींच्या खाटेसमोरच्या भिंतीवर
बोराएवढा एक दिवा.

वहिनी एकवीस वर्षं रबाळ्याला, पॉवर प्रेसवर.
पत्र्याची झाकणं.
आधी कुकरची शिट्टी गेली,
मग दाराची बेल, मग नळ.
बादली भरून वाहायची, मोरी तुंबायची,
चपला तरंगत पॅसेजमध्ये यायच्या,
आणि आम्ही मीटिंगमध्ये ठराव मांडायचो
पाण्याच्या नासाडीबद्दल,
नाव न घेता.

चोरघेनं नळ सोडला.
भिंतीवर हिरवं उमटलं.
वहिनींनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं,
उठल्या, आल्या, नळ घट्ट बंद केला,
आणि आम्हा दोघांकडे अशा बघितल्या
की मी वहीचं पान घडी करून परत ठेवलं.

नोटीस खिशातच राहिली. पँटबरोबर धुतली गेली.
मुळीकबाईंना सांगितलं, बेअरिंग आहे, बदलतायत.

परवा ऐरोलीहून हळदीचं जेवून उशिरा आलो.
चोरघे हल्ली रात्रपाळीला असतो,
महाप्यात, कुठल्याशा गोडाऊनवर.
गेटमधून आत वळलो तर
तळमजल्याची खिडकी हिरवी.
दोन वाजायला आले होते.
बेल दाबून उपयोग नव्हता,
दार वाजवून तर नव्हताच.
स्कूटरवर तसाच बसून राहिलो, हेल्मेटसकट,
आणि सवयीनं मोजायला लागलो:
दहा लिटर, वीस,
पंपाचं बिल, तीस,
चाळीसपर्यंत गेलो असेन.

मग खिडकी काळी झाली.